खोक्यावर १६०० पट, माझ्या हिशेबाने दीडशे

यूएसबी मायक्रोस्कोपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१६०० पट' छापलंय. खोटं आहे. अंदाजाने म्हणत नाही, मोजून म्हणतोय. कसं मोजलं ते खाली येईलच. तरी मी वस्तू परत केली नाही आणि पाचपैकी साडेतीन तारे दिलेत. का, ते सांगायला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

सोलापूरच्या साखर पेठेत माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. पंखे, पाण्याच्या मोटरी, यंत्रमागाच्या मोटरी. मायक्रोस्कोपशी आमच्या धंद्याचा संबंध शून्य. पुतणी नववीची परीक्षा देऊन दुकानात आली आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडं जोरदार लोहचुंबक आहे का? गच्चीवर उल्का शोधायच्यात."

मी म्हटलं, उन्हाचा चटका बसला पोरीला. एप्रिल होता, सोलापुरात पारा चाळिशीच्या वर. पण तिने मोबाईलवर एका माणसाची गोष्ट दाखवली. यॉन लार्सन, नॉर्वेचा, धंद्याने जॅझ गिटार वाजवणारा. २००९ साली घराबाहेरच्या टेबलावर त्याला एक चमकणारा कण दिसला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला की हा वरून पडला असेल. शहरातल्या धुळीत असले कण सापडणारच नाहीत, असं तेव्हा जाणकार सांगत. अंतराळातली धूळ शोधायची तर अंटार्क्टिकाच्या बर्फात नाहीतर समुद्राच्या तळाशी, जिथे माणसाचा कचरा पोचत नाही. ह्या बाबाने वर्षानुवर्षं छपरांच्या पन्हाळी झाडल्या. २०१७ च्या शोधनिबंधात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे मॅथ्यू गेंज आणि हा लार्सन यांनी मिळून ५०० कण जाहीर केले. ऑस्लो, पॅरिस, बर्लिनच्या छपरांवरचे. त्यासाठी ३०० किलो गाळ उपसला होता. म्हणजे किलोमागे दोन कणही नाहीत.

एक गिटारवाला करू शकतो तर मोटरवाला का नाही, एवढाच विचार मी केला.

चुंबक घरचाच होता. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला निओडिमियमचा तुकडा, बोटाला चिमटा बसला तर रक्त काढतो. मायक्रोस्कोप मागवला १,८४९ रुपयांना, यूएसबीवाला. बुटका, जाड मार्करएवढा. पुढे आठ छोटे एलईडी, बाजूला उजेड कमी-जास्त करायचं चाक, मध्ये फोकसचं चाक, वर फोटोचं बटण. चार दिवसांत घरी आला, पॅकिंग चांगलं होतं. सोबत एक चिमुकली सीडी होती. हल्ली लॅपटॉपला सीडीचं तोंड असतं का? लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्याच्या प्रोग्रॅममध्येच तो चालतो, सीडी फेकून द्या. आमच्या पोराने ती गच्चीवर कबुतरांना घालवायला टांगली आहे.

आता पटीचं. मायक्रोस्कोप दाखवतो ते किती मोठं करून, हे कळायला मोजमापाची वस्तू हवी. ती आमच्याकडे रिळांनी भरलेली. छत्तीस नंबरची तांब्याची तार, पंख्यात भरतो ती, वरचं इनॅमल जाळून पुसली की ०.१९३ मिलिमीटर. हा आकडा मला झोपेत विचारा. तारेचे दहा तुकडे काचेवर एकमेकांना चिकटवून मांडले, भिंग अगदी टेकवून फोकस केलं, तर तेवढ्यात चित्राची रुंदी भरली. म्हणजे दिसतंय १.९३ मिलिमीटर. लॅपटॉपच्या पडद्यावर तेच चित्र तीस सेंटीमीटर रुंद. भागाकार केला, १५५ पट. तेच चित्र दहा फुटी पडद्यावर टाकलं तर १६०० पट होईल हे खरं. पण खोक्यात दहा फुटी पडदा दिलेला नाही.

विकणाऱ्याला हे लिहून पाठवलं. उत्तर आलं, "सर, प्लीज व्हिडिओ पाठवा." पाठवला. मग १५० रुपये परत देतो म्हणाले. घेतले. एकच सांगतो, १५५ पट ह्या कामाला पुरते. पाव ते तीन दशांश मिलिमीटरचा कण पडद्यावर लिंबाएवढा दिसतो. त्यापेक्षा जास्त घेऊन मी करणार काय होतो?

खरी फसवणूक स्टँडची आहे. प्लॅस्टिकचा चिमटा, वाकणारी मान, आणि मान कधीच ठरल्या जागी राहत नाही. फोटोचं बटण दाबलं की अख्खं चित्र भूकंप झाल्यासारखं हलतं. दुसऱ्याच दिवशी मी तो काढून टाकला. पंख्याचा जुना रॉड, मोटरीचं बिडाचं झाकण पायाला, आणि वरखाली करायला आटे पाडलेला स्टड व दोन नट. नट पाव फेरा फिरवला की केसाएवढं सरकतं. ज्यांना असला जुगाड जमत नसेल त्यांनी माझ्या साडेतीन ताऱ्यांतला एक वजा करावा.

आता गच्ची. आमची गच्ची ९०० चौरस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. एका कोपऱ्यात पाणी जायची नळी, तिच्या तोंडाशी गेल्या पावसाळ्यापासूनचा गाळ. वाळलेला, वर शेजारच्या कारखान्यातला कापसाचा भुगा गोधडीसारखा बसलेला. तो सोलून काढला. खालची माती घमेल्यात घेतली, भांड्याच्या साबणाने धुतली, उन्हात वाळवली. वाळायला दहा मिनिटं पुरली, एवढ्यापुरतं सोलापूरचं ऊन उपयोगी. चहाच्या गाळणीने चाळली, मग स्क्रीन प्रिंटिंगवाल्या मित्राकडच्या जुन्या जाळीतून. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीवरून फिरवायचा, मग पिशवी उलटी करून चुंबक काढून घ्यायचा, की चिकटलेलं सगळं पिशवीत राहतं. चुंबक उघडा फिरवू नका, आयुष्यभर पुसत बसाल.

पहिल्याच फेरीत चमचाभर काळी पूड निघाली. पुतणी नाचायलाच लागली. मीही मनात म्हटलं, ऑस्लो गेलं उडत.

मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बहुतेक सगळे कण अणकुचीदार, फुटलेल्या काचेसारखे. गोल एकही नाही. मग उजेड पडला. आपण बसलोय काळ्या पाषाणावर. बेसॉल्ट. भुईकोट किल्ला ज्या दगडाचा, तोच. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, ते चुंबकाला धरतं. दगड झिजून झालेली काळी माती वाऱ्याने गच्चीवर येते. नॉर्वेवाल्याला नसलेली ही डोकेदुखी आपल्याकडे फुकट. दख्खनच्या लोकांनी चुंबकाला काय चिकटलं यावर उड्या मारू नयेत. गोल शोधा.

पण ह्या दगडाबद्दल वाचता वाचता मी दुकान उघडायचं विसरलो, खरंच. हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच सुमारास मेक्सिकोच्या युकातानला, आजच्या चिकशुलुब गावाजवळ, साधारण दहा किलोमीटरचा एक धोंडा येऊन आदळला. खड्डा १८० किलोमीटरचा, म्हणजे अख्खा सोलापूर जिल्हा गिळून वर उरेल एवढा. डायनासोर संपले ते तेव्हा. हे कळलं कशावरून? लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत, इटलीतल्या गुब्बियोच्या मातीचा एक पातळ थर तपासला आणि १९८० मध्ये निकाल छापला. त्यात इरिडियम अवाच्या सवा सापडलं. जमिनीच्या वरच्या कवचात हा धातू नावापुरता असतो, उल्कांमध्ये भरपूर. बोटभर जाडीची माती, पण तिच्यावरून जगाचा पंचनामा झाला. काही शास्त्रज्ञ म्हणतात की त्या दणक्याने दख्खनचे ज्वालामुखी आणखी भडकले. काही म्हणतात, लाव्हा आपल्या वेळापत्रकाने येत होता, त्याला दणक्याची गरज नव्हती. भांडण अजून मिटलेलं नाही. पण आमच्या पिशवीतली ती नकोशी पूड त्या वेळच्या लाव्हाची आहे, हे काही कमी नाही.

दुसऱ्या रविवारी गोल कण सापडले. चांगले पन्नास-साठ. आरशासारखे चकचकीत, काही पोकळ, काहींना शेपूट. ह्या वेळी मी नाचलो नाही, कारण गल्लीच्या तोंडाला फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि ग्राइंडरच्या ठिणग्या मी तीस वर्षं बघतोय. त्याच्याकडची चिमूटभर झाडणी आणून शेजारी ठेवली. जुळे भाऊ. ठिणगी म्हणजे तरी काय, वितळलेल्या लोखंडाचा थेंबच. हवेत गार होताना गोल होतो. उल्केचा कणही तसाच वितळून गोल होतो, फक्त तो सेकंदाला ११ किलोमीटर किंवा जास्त वेगाने येतो आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर भाजून निघतो. दोघांची भट्टी वेगळी, आकार एक. म्हणून गोल आणि चकचकीत दिसला की समजायचं वेल्डिंग. आकाशातला बहुधा मंद काळा, अंगावर रेषारेषा नाहीतर खडबडीत नक्षी, कधी एका टोकाला निकेल-लोखंडाचा मणी. दिवाळीनंतरचा गाळ तर घेऊच नका, फटाक्यांतूनही असेच गोळे पडतात.

त्या उंचीवर जे जळून जातं त्याचं काय होतं, हे विचारायला मला सुचलं नसतं, पण उत्तर माझ्या धंद्यातलं निघालं. धूळ जळताना तिच्यातलं सोडियम सुटतं आणि साधारण ९० किलोमीटरवर त्याचा एक थर कायम तरंगत असतो. मोठ्या दुर्बिणीवाले त्यावर पिवळा लेझर मारून एक खोटा तारा पेटवतात आणि हवेच्या थरथरीचा हिशेब करून आपली चित्रं स्थिर करतात. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे आठवतात? सोडियमचेच. त्यांचे चोक आम्ही किती भरले असतील. तोच पिवळा, तीच धातूची वाफ.

हिशेबाचा किडा मलाही आहे. अंटार्क्टिकात काँकॉर्डिया केंद्राजवळ बर्फ वितळवून मोजणाऱ्यांनी २०२१ मध्ये आकडा दिला: वर्षाला सुमारे ५,२०० टन बारीक धूळ जमिनीपर्यंत पोचते. ऐकायला प्रचंड. पण पृथ्वी ५१ कोटी चौरस किलोमीटर. भागून बघा, चौरस मीटरला १० मायक्रोग्रॅम. माझ्या गच्चीच्या वाट्याला वर्षभरात एक मिलिग्रॅमही नाही. खसखशीचे तीन दाणे म्हणा. त्यातले निम्मे वाऱ्याने कारखान्याच्या पत्र्यावर जाणार. मग जो एक सापडेल तो सापडेल.

मंडळींना हे सगळं पटत नव्हतं. एक तर मी त्यांची परात पळवली होती. जेवताना मी सांगितलं, "अगं, तुझ्या मंगळसूत्रातलं सोनंसुद्धा बहुतेक वरून आलंय." पृथ्वी वितळलेली होती तेव्हा लोखंड तळाशी गेलं आणि जाताना सोनं-प्लॅटिनम ओढून घेऊन गेलं. आपण खाणीतून काढतो ते नंतरच्या उल्कांच्या माऱ्यात आलेलं असावं, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं. ग्रीनलंडच्या इसुआ भागातल्या फार जुन्या दगडांतलं टंगस्टन मोजून ब्रिस्टलच्या लोकांनी २०११ मध्ये त्याला पुरावा जोडला.

ती कडक भाकरी मोडत म्हणाली, "अहो, वरून सोनं पडलं म्हणता आणि तुम्ही गटारात लोखंड शोधताय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेंगाचटणी घेतली आणि गप्प जेवलो.

जानेवारीच्या गड्ड्यातली, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेतली, एक गोष्टही इथे उकलली. होम मैदानावर एकाकडून ३०० रुपयांना 'आकाशातून पडलेला' काळा खडा घेतला होता, शनीला चालतो म्हणून. चुंबकाला चिकटायचा, म्हणून माझा विश्वास. मायक्रोस्कोपखाली धरला तर जाळीदार पावासारखी भोकं. उल्केत असले बुडबुडे सहसा नसतात. भट्टीतल्या लोखंडाच्या मळीत असतात. हे एकच काम धरलं तरी मायक्रोस्कोपचे ३०० रुपये वसूल. फक्त खडा घेण्याआधी हवा होता.

खऱ्या उल्केच्या लोखंडाचं काय करावं हे जहांगीर बादशहाने दाखवलंय. १६२१ मध्ये जालंधरजवळ पडलेला तुकडा त्याच्याकडे आणला, १६० तोळे भरला. उस्ताद दाऊदने तो ठोकायला घेतला तर हातोड्याखाली फुटायला लागला. मग तीन भाग हे आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी केली. माल नीट बसत नसेल तर थोडा ओळखीचा माल मिसळा, हे कारागिराचं शहाणपण चारशे वर्षांत बदललेलं नाही.

लोणारला आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो होतो, पण तेव्हा मी विवराकडे बघून 'मोठं तळं' एवढंच म्हटलं होतं आणि वानरांपासून पिशवी सांभाळत होतो. आता कळतंय की तो १.८ किलोमीटरचा खड्डा आपल्याच बेसॉल्टमध्ये पडलाय, म्हणून कितीतरी वर्षं लोक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. दणक्याने काच झालेलं खनिज, मॅस्केलिनाइट, तिथे सापडलं आणि वाद संपला. परत जायचंय, चुंबक घेऊन. दगड मात्र उचलणार नाही, तिथे तशी मनाईच आहे.

पुतणीचा प्रश्न वेगळाच होता. "काका, ह्या धुळीतून जीव आला का हो?" बेन्नू लघुग्रहावरून नासाच्या यानाने २४ सप्टेंबर २०२३ ला १२१.६ ग्रॅम माल आणला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निकाल आला: आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात, त्यातली १४ सापडली. डीएनए-आरएनएची पाचही मूळ अक्षरं सापडली. तिला वाटलं, झालं मग, जीव वरूनच आला. मी तिला भिंतीवरची रिळं दाखवली. तार आहे, इन्सुलेशन पेपर आहे, वार्निश आहे. मोटर फिरायली का? नाही. कुणीतरी भरायला लागते. जीवाची मोटर कशी भरली गेली हे अजून कुणालाच माहीत नाही. ती जरा हिरमुसली, पण वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या रविवारी तो सापडला. दोनशेच्या वर गोळे बाजूला सारल्यावर. मंद काळा, डांबरासारखा, किंचित लांबट, अंगावर धोतराच्या निऱ्यांसारख्या समांतर रेषा. शेजारी छत्तीस नंबरची तार ठेवली, तिच्यापेक्षा जाड. तीस नंबरची ठेवली, ०.३१५ ची, तिच्यापेक्षा बारीक. पाऊण तास आम्ही दोघं आळीपाळीने बघत होतो. फोटो सतरा काढले, त्यातले तीन बरे आलेत. घाम लॅपटॉपवर टपकत होता. दुकानातल्या पोराला दया आली आणि त्याने पंखा लावला.

मीच भरलेला पंखा. हवा उत्तम देतो.

काच, फरशी, टेबलाची खाच, सगळीकडे चुंबक फिरवला. चुंबकाला तांब्याचा नाही, पण दुकानभरच्या लोखंडाचा एवढा कीस लागला की त्यात शोधणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुतणी दोन दिवस त्या पोराशी बोलली नाही. तो खरंच आकाशातला होता का, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घटक तपासल्याशिवाय ठरत नाही, त्यामुळे मी छातीठोक काही म्हणत नाही. फोटो तेवढे आहेत.

घ्यायचा का? किडे, नोटा, कापडाची वीण, सोल्डरचा डाग बघायला घेत असाल तर घ्या, पोरं खूश होतील. आमच्या ओळखीचे एक टॉवेलवाले त्याने धागे मोजायला लागलेत. धूळ शोधायला घेत असाल तर स्टँडचे हजारभर रुपये वेगळे धरा, केबल ओढू नका (तोंडाशी कच्ची आहे), मोबाईलवर चालवायच्या फंदात पडू नका, आणि पंखा बंद ठेवा. हे शेवटचं माहितीपत्रकात छापायला हवं होतं.

ह्या आठवड्यात गच्ची धुऊन स्वच्छ केली आहे. फॅब्रिकेशनवाल्याला सांगून ग्राइंडरचं काम आतल्या बाजूला घ्यायला लावलंय, त्याबदल्यात त्याची ड्रिल मोटर फुकट भरून दिली. नळीच्या तोंडाशी जाळी, जाळीखाली पिशवीत चुंबक बांधून ठेवलाय. मृग अजून बारा दिवसांवर आहे.